रिपीट २९९

बेंगळुरूच्या बसवनगुडीत पहाटे गांधी बझारच्या बाजूने फिरायला निघालं की एकच सुप्रभातम् सलग ऐकू येतं. एका घरासमोरून पुढे गेलं की तिथला आवाज मागे पडत जातो आणि तो पुरता बुजायच्या आत पुढच्या घरातला वर येतो. एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी ते १९६३ साली ध्वनिमुद्रित केलं. तेव्हापासून या रस्त्यांवर ते एकदा तरी थांबलं असेल असं वाटत नाही. कुणाकडे ते सुरुवातीला असतं, कुणाकडे अर्ध्यावर, आणि उशिरा उठणाऱ्यांकडे आठ वाजता पहिल्या ओळीवर. आपण उठवलं आणि देव उठला, असं इथे कुणीच गृहीत धरत नाही.

ध्वनीच्या धंद्यातली माणसं या सगळ्याला तीन शब्दांत बसवतात. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, तो लूप. आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं, तो फेड. एक उतरत असताना दुसरा चढणं, तो क्रॉसफेड. यासाठी स्टुडिओत लाखांची यंत्रं ठेवतात. आमच्याकडे आत्या आहे.

आत्या मिरजेची. मिरज हे तानपुऱ्याचं गाव. शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं सोडून तंतुवाद्यं करायला घेतली, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा तिथे येऊन गाता होतो, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. "त्याच्या आधी काय बेसूर होता?" एवढीच आत्याची त्यावरची प्रतिक्रिया. थंडीत ती राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आमच्याकडे येते. तानपुरा येत नाही. भोपळा फुटेल, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की एकदा तिने तानपुऱ्यासाठी वेगळा बर्थ मागितला आणि तिकीट काढणाऱ्या मुलाने प्रवाशाचं वय विचारलं.

म्हणून यंदा निघण्याआधी तिने तानपुरा मोबाइलपुढे वाजवून घेतला. प, सा, सा, सा. प, सा, सा, सा. दोन आवर्तनं, बारा सेकंद. तिसऱ्या आवर्तनात मागच्या खोलीतला लँडलाइन खणखणला. तो अजून चालू आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रेकॉर्डिंग तिथेच संपलं. बसवनगुडीत आल्यावर चहाचा कप खाली ठेवत आत्या म्हणाली, "अरे, या बारा सेकंदांचा मला एक तास करून दे. रोज पहाटे लागेल."

तयार तानपुरे बाजारात नाहीत असं नाही. उलट ज्या शहरात बसून ही मागणी चालली होती, तेच शहर त्यांचं माहेर. एचएएलमधले अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबुरा बनवला. त्यांची रॅडेल कंपनी बेंगळुरूचीच. त्या डब्याने देशभरच्या गायकांची सोय केली आणि मैफिलीत मागे बसून जांभई गिळणाऱ्या शिष्यांच्या एका पिढीला बेकार केलं. पुढे डबाही मोबाइलमध्ये शिरला. आत्याने एक फुकटचं अ‍ॅप लावून पाहिलं. डोळे मिटून षड्ज लावला, आणि मंद्र पंचमानंतर एका पुरुषी आवाजाने तिला गृहकर्ज देऊ केलं. पण तिची हरकत जाहिरातीलाही नव्हती. "ते सगळं चांगलंच आहे रे. पण तो तानपुरा कुणाचा? मला माझा हवा."

तेव्हा मी लॅपटॉप उघडून टर्मिनल सुरू केलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. आत्या मागे सरकली. "बँकेतले पैसे गेले का?" मराठी घरात पडदा काळा झाला की पहिला प्रश्न हाच येतो.

पडद्यावरच्या गृहस्थाचं नाव सॉक्स. पायातले नव्हेत. साउंड एक्स्चेंजचं हे लघुरूप. लान्स नॉर्स्कॉग नावाच्या प्रोग्रामरने १९९१ साली हा प्रोग्राम लोकांना वापरायला दिला आणि तो आजही जगभर फुकट राबतो. याला खिडकी नाही, बटणं नाहीत, रंगीत लहरी नाहीत. रोमन अक्षरांत एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. काम झालं तर तो एक शब्द बोलत नाही, बिघडलं तरच तोंड उघडतो. हा स्वभाव आमच्या घराण्यात आजवर कुणाचा नव्हता, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला.

लिहायची ओळ सोपी होती: "सॉक्स तानपुरा.वेव्ह रियाज.वेव्ह रिपीट २९९".

"तीनशे का नाही?" आत्याने विचारलं. तासाचे ३६०० सेकंद, भागिले बारा, बरोबर तीनशे; आत्याचं गणित पक्कं. मी सांगितलं की रिपीटपुढे एक लिहिलं तर ते दोनदा वाजतं, कारण पहिली वेळ तो मोजत नाही. मला वाटलं, आता संगणकाच्या तर्कशास्त्रावर अर्धा तास जाणार. पण आत्या लगेच म्हणाली, "बरोबरच आहे. पहिली पोळी कुठे मोजतात?" एफएफएमपेग म्हणून दुसरं एक असंच हत्यार आहे, फाब्रीस बेलार या फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केलेलं. त्याच्या स्ट्रीम लूपचीही पद्धत हीच, आणि उणे एक लिहिलं तर ते अनंत काळ वाढत राहतं. तो आकडा मी आत्याला सांगितला नाही.

बारा सेकंदांची दोन एमबीची फाइल पाहता पाहता ६३५ एमबीची झाली. तास तयार झाला, आणि आत्या उठून दार उघडायला गेली. दाराबाहेर कुणी नव्हतं. ती परत येऊन बसली. पुन्हा टक्. पुन्हा ती उठली.

हा टकटक करणारा सांध्यात बसला होता. ध्वनीची लहर वर-खाली होत असते. ती वर असताना कापली आणि पुढचा तुकडा खालून सुरू झाला, तर स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात तेवढी उडी मारावी लागते. त्या उडीचा आवाज म्हणजे टक्. तीनशे तुकड्यांत सांधे २९९, म्हणजे तासाभरात आत्याच्या २९९ फेऱ्या. आत्याच्या मिरजेतल्या नातवाने मदत म्हणून तीच फाइल एमपी३ करून पाठवली, तर टक्ऐवजी उचकी लागली. एमपी३चं माप ठरलेलं असतं: ११५२ नमुन्यांची एक चौकट, वेळेत सांगायचं तर सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग. चौकट भरत नसेल तर तो शेवटी शांतता भरतो आणि वर सुरुवातीलाही थोडी घालतो. एकदा ऐकताना हे कळत नाही. लूप केला की दर बारा सेकंदांनी कळतं. नातवाचे आभार मानून आम्ही वेव्हवरच राहिलो.

तानपुऱ्याची गोष्ट टक् काढूनही संपत नाही, कारण त्याची तार छेडल्यावर वाजत राहते. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, आणि तार त्या रुंद घोडीला घासत घासत असे सूर काढते जे पाठ्यपुस्तकातल्या नियमाने निघायलाच नकोत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. त्या वेळी ते कोलकात्यात होते. बेंगळुरूत ते बारा वर्षांनी आले. जवारीमुळे शेवटचा खर्ज पुढच्या पंचमात मिसळून जायला हवा. आपण बाराव्या सेकंदाला सुरी चालवली की खर्जाचं शेपूट तुटतं आणि दर बारा सेकंदांनी कुणीतरी तारेवर हात ठेवल्यासारखं होतं.

यावर उपाय क्रॉसफेड. मागचा तुकडा उतरत असतानाच पुढचा चढवायचा. इथे गंमत अशी, की मध्यावर दोघांनीही सरळ हिशेबाने अर्धं-अर्धं घेतलं तर बेरीज पुरती भरत नाही. ध्वनीची शक्ती वर्गाने मोजतात. अर्ध्याचा वर्ग पाव, पाव अधिक पाव अर्धा, म्हणजे शक्ती निम्मी. कानाला तिथे तीन डेसिबलचा खड्डा लागतो. म्हणून सॉक्सच्या स्प्लाइसमध्ये क्यू हा पर्याय ठेवला आहे. तो दोघांनाही मध्यावर ०.७०७ वर धरतो, वर्ग करून बेरीज बरोबर एक होते आणि रस्ता सपाट राहतो. खड्डा बुजवायची इतकी नेमकी तरतूद बेंगळुरूत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

सांधे बुजवण्याचा हात बसल्यावर मला गल्लीभर सांधेच ऐकू यायला लागले. आमच्याकडे पालेभाजीची हातगाडी येते. पूर्वी भाजीवाला स्वतः ओरडायचा. आता त्याने गाडीला भोंगा बांधून त्यात आवाज भरून ठेवला आहे: दंटु, मेंत्या, कोत्तंबरी, पालक, आणि शेवटी एक खोकला. रेकॉर्डिंग करताना बटण दाबायच्या आत त्याला ठसका लागला असणार. तेव्हापासून दर चार भाज्यांनंतर सगळी गल्ली खोकला ऐकते. भाजीवाला बरा होऊन जमाना झाला, गाडी अजून आजारी आहे.

एक दिवस मी त्याला म्हटलं, हे दोन मिनिटांचं काम आहे. ट्रिम नावाची आज्ञा आहे, खोकला काढून देतो, फुकट. त्याने तराजू खाली ठेवला. "बेड सार, बेड." आणि मग समजावून सांगितलं: दंटु-मेंत्या सगळेच ओरडतात, पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीवरही तोच माल आणि तोच भोंगा. खोकला ऐकला की बायका पिशवी घेऊन बाहेर येतात. खोकला काढला तर आलो ते कळणार कसं? घरी येऊन मी हे सांगितलं. आत्या म्हणाली, "शहाणा माणूस आहे. तुझ्यापेक्षा त्याला गाणं जास्त कळतं."

सांध्याची ही गोडी काही आजची नाही. पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफेरने १९४८ साली तबकडीची चर बंद करून सुई एकाच वर्तुळात फिरवली आणि आगगाडीच्या खडखडाटाचं संगीत केलं. १९६६ साली बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी टेपचे पाच लूप एकदम चालवले. लांब टेपा ढिल्या पडू नयेत म्हणून माणसं त्यांत पेन्सिली घालून ताणून उभी होती, आणि या सगळ्या खटाटोपाखाली आपला तंबुरा वाजत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'सार्जंट पेपर'च्या ब्रिटिश तबकडीच्या अगदी शेवटच्या चरीत बडबडीचा एक तुकडा कोरून ठेवला. सुई आपोआप न उचलणाऱ्या ग्रामोफोनवर तो तुकडा फिरतच राहतो. तो थांबवायला आरामखुर्चीतून कुणीतरी उठावं लागतं.

खरी अडचण इथेच आहे. पुन्हा सुरू करणं यंत्राला उत्तम जमतं, त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. संपवायचं कसं आणि कधी, ते माणसाने ठरवायचं. आणि आपल्याकडे माणसांनाही ते धड जमत नाही.

बसवनगुडीतला पाहुणा घ्या, मराठी किंवा कन्नड. तो दिवाणखान्यात "निघतो" म्हणतो तेव्हा फेड सुरू होतो. मग दाराशी पाच मिनिटं. चपला घालताना एका पायावर उभं राहून जमिनीच्या भावाची चर्चा. मग जिना. मग फाटक. आजाराची, घटस्फोटाची किंवा फ्लॅट विकल्याची जी खरी बातमी असते, ती दोन तास कॉफी पिताना निघत नाही, ती फाटकाशी निघते, त्यामुळे आवाज उतरायच्या ऐवजी चढतो. असा फेड कुठल्याही प्रोग्राममध्ये दिलेला नाही. सभागृहात याच्या उलट होतं. तिथे वक्ते रिपीटवर असतात आणि श्रोते फेडवर.

सॉक्सने फेडच्या पाच जाती दिल्या आहेत. त्यांतली सरळ रेषेची दिसायला सर्वांत प्रामाणिक आणि ऐकायला सर्वांत फसवी. कान आवाज बेरजेने नव्हे, पटीने मोजतो. सरळ रेषेने उतरणारा आवाज अर्धा वेळ गेला तरी सहाच डेसिबल खाली आलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काही फारसं झालं नाही; आणि शेवटच्या काही क्षणांत सगळं एकदम तोंडघशी पडतं. लॉगची जात डेसिबलच्या हिशेबाने सावकाश, सम गतीने उतरते. पण ती तळाला इतकी खोल जाते की अर्ध्या वाटेतच ऐकू येईनासं होतं आणि फाइल मात्र पुढे चालूच असते. ज्यांच्याकडे संध्याकाळी एक काका वर्तमानपत्र वाचून दाखवतात, त्यांना ही जात निराळी समजावून सांगायला नको.

लूप आणि फेड या दोन्ही आज्ञा एकाच ओळीत देणारा पहिला माणूस मला तरी संगणकाच्या जन्माआधीच सापडतो. गुस्ताव होल्स्टने १९१४ ते १९१७ या काळात 'द प्लॅनेट्स' लिहिलं. त्यातल्या शेवटच्या नेपच्यूनमध्ये बायकांचं गायनवृंद रंगमंचावर नाही, शेजारच्या खोलीत बसवायचं. शेवटचा चरण आवाज दूर विरून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचा, आणि त्या खोलीचं दार हळूहळू, आवाज न करता लावून घ्यायचं, अशी स्वरलिपीतच सूचना आहे. १९१८ साली लंडनमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा कुणीतरी ते दार लावलं. मी हे आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने एकच विचारलं: "दार कुरकुरलं नाही ना? तेल घातलं असेल आधी."

ख्यालात दार लावायची सोय नाही. तिथे तिहाई असते. एकच तुकडा तीनदा, म्हणजे सॉक्सच्या हिशेबाने रिपीट २, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर. विझत जायचं नाही, पोचायचं आणि थांबायचं. कर्नाटक संगीतात मंगलम् आहे. ते सुरू झालं की कच्चेरी संपली हे गायकाला, श्रोत्याला आणि कँटीनवाल्याला एकदम कळतं. तेवढी शिस्त असलेले हेच श्रोते मृदंगाचं तनि आवर्तनम् सुरू झालं की कॉफीसाठी बाहेर सटकतात, तो भाग निराळा.

तेव्हा आत्याच्या तासाच्या शेवटी काय लावायचं, हा घरात प्रश्न झाला. ही म्हणाली, "आत्या, तुम्हाला तास संपल्याचं कळायला हवं, नाहीतर कुकर कोण लावणार?" मी शेवटच्या मिनिटाला सरळ फेड देऊन ऐकवला. आत्याने नाक मुरडलं. लॉग दिला. "हा काय, तानपुरा फिरायला गेला का?" एच या जातीचा, अर्ध्या कोसाइनचा फेड दिला, तो डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्यासारखा वाटतो म्हणाली. शेवटी माझ्या हातातला माउस बाजूला करून तिने निकाल दिला. "तार आपली आपण विझते. तिला तू कशाला विझवतोस? शेवटी खरी तार ठेव. मी वाजवली तशी."

शेवटची खरी तार रेकॉर्डिंगमध्ये होती, तिसऱ्या आवर्तनात. आणि त्याच आवर्तनात लँडलाइन होता.

"तो राहू दे," आत्या म्हणाली. "आमच्याकडे रियाज तसाच संपतो."

सॉक्सला दोन फायली ओळीने दिल्या की तो एकीला दुसरी जोडतो. आता आमच्याकडे पहाटे तासभर मिरजेचा तानपुरा वाजतो, एक सांधा ऐकू येत नाही, आणि मग ट्रिंग ट्रिंग होतं. ही कुकर लावते. आत्या डोळे उघडते आणि सवयीने पदर सावरून "आले, आले" म्हणते.

भिंतीपलीकडे एक गाण्याच्या मिस राहतात. त्यांच्याकडे संध्याकाळी दहा-बारा मुली सरळी वरिसे म्हणायला येतात. त्यांनी भिंतीतून हा तानपुरा ऐकला आणि एक दिवस कॉपी मागायला आल्या. "अम्मा, श्रुती तुंबा चेन्नागिदे." आत्याची काळी चार म्हणजे त्यांची ऐदूवरे, साडेपाच; मुलींना ती उंच पडते, बरोबर पाच हवी होती. काम लहान होतं: पिच, उणे १००, म्हणजे शंभर सेंट, अर्धा सूर खाली. शेवटचा फोन काढून देऊ का, असं विचारलं तर त्या आत्याकडे बघून म्हणाल्या, असू दे, क्लास संपल्याचं सांगायला बरं आहे. नाहीतर पोरी आठ वाजले तरी उठत नाहीत. त्यामुळे मिरजेचा लँडलाइन आता बसवनगुडीत रोज दोनदा वाजतो, पहाटे आमच्याकडे काळी चारच्या हिशेबात आणि संध्याकाळी शेजारी अर्ध्या सुराने उतरून, आणि तो वाजला की त्या मुली चपला घालायला पळतात. मिरजेत तो उचलायला कुणी जात नाही.